महाबळेश्वर ते सोलापूर : परतीच्या वाटांचा इतिहास

महाबळेश्वरी चार दिवस विश्रांती घेऊन सोलापूरला परतणाऱ्या मोटारप्रवाशापुढे आज तीन वाटा असतात. पहिली पाचगणी, वाई, खंबाटकीचा घाट, पुणे, भिगवण, इंदापूर व मोहोळ अशी जाते. दुसरी वाईहून नीरेच्या खोऱ्यात उतरून फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर व पंढरपूर या गावांवरून येते. तिसरी केळघरच्या घाटाने मेढ्यास उतरते आणि सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी व म्हसवड ही गावे घेत पंढरपुरास पोहोचते. पहिली सुमारे ३७० किलोमीटर भरते. दुसरी व तिसरी पावणेतीनशेच्या आतबाहेर आहेत. असे असूनही सोलापूरकरांच्या कित्येक पिढ्यांनी सुमारे शंभर किलोमीटरांचा वळसा घेऊन पहिल्याच वाटेने परतणे पसंत केले. ही पसंती केवळ प्रवाशाच्या सवयीची बाब आहे काय? की तिच्यामागे भूमी, राज्यव्यवस्था, लोहमार्ग आणि पाणी यांचा काही संबंध आहे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इतिहासग्रंथांतून जाण्याच्या वाटांची चर्चा पुष्कळ आढळते. सैन्य कोठून आले, यात्रा कोणत्या मुक्कामांनी गेली, हे तपशिलाने नोंदलेले असते. परतीच्या वाटेची नोंद मात्र त्रोटक असते. मोहीम संपली, दर्शन झाले, हंगाम सरला, की लेखकाचे लक्ष उडते. वास्तविक एखाद्या प्रदेशातील वाटांची खरी कसोटी परतीच्या प्रवासातच लागते. जाताना माणूस तयारीने जातो. येताना तो थकलेला असतो, शिधा संपत आलेला असतो, ऋतू पालटलेला असतो. अशा वेळी तो जी वाट धरतो ती त्या काळाची खरी वाट होय, असे म्हणावयास हरकत नाही.

१

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. महाबळेश्वर सुमारे १७ अंश ५५ कला, तर सोलापूर सुमारे १७ अंश ४० कला उत्तर अक्षांशावर आहे. म्हणजे ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात आणि त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे २४० किलोमीटर भरते. पुणे या रेषेच्या बरेच उत्तरेस, साडेअठरा अंशांवर आहे. नकाशावर पट्टी ठेवून पाहणाऱ्यास पुण्यावरून जाण्याचे काहीच कारण दिसणार नाही.

परंतु वाटा पट्टीने आखल्या जात नाहीत. महाबळेश्वराची उंची सुमारे १,३७० मीटर, सोलापूरची सुमारे ४६० मीटर. तेव्हा परतीचा प्रवास हा सर्वस्वी उताराचाच प्रवास असणार, अशी सहज समजूत होते. ती पुरती खरी नाही. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णा, वेण्णा व कोयना या नद्यांचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून आग्नेयेस जाते. सोलापूर मात्र भीमेच्या खोऱ्यात, सीना नदीच्या परिसरात वसलेले आहे. भीमा व कृष्णा यांचा संगम होतो तो पुष्कळ दूर, रायचूरच्या बाजूस. याचा अर्थ असा की, महाबळेश्वराहून निघालेल्या सोलापूरकरास पाण्याच्या मागे मागे घरी जाता येत नाही. त्याला कोठे तरी कृष्णेचे खोरे सोडून भीमेच्या खोऱ्यात शिरावेच लागते. एकदा डोंगर उतरल्यावर पुन्हा एक कणा ओलांडावा लागतो.

हा कणा म्हणजे महादेवाच्या डोंगराची रांग व तिचे फाटे. तिन्ही वाटा तो निरनिराळ्या ठिकाणी ओलांडतात. पुण्याची वाट तो खंबाटकीच्या घाटात ओलांडते. सुरूरचे पाणी कृष्णेस, तर पलीकडील खंडाळ्याचे पाणी नीरेस मिळते. फलटणची वाट एक तर खंबाटकीने येते, अथवा वाठारहून आदर्कीच्या घाटाने नीरेकडे उतरते. साताऱ्याची वाट सर्वांत कष्टाची. ती माहुलीपाशी कृष्णा ओलांडते, वर्धनगडाच्या खिंडीतून येरळेच्या खोऱ्यात येते आणि महिमानगडापाशी दुसरी धार चढून माण नदीच्या खोऱ्यात उतरते. येरळा कृष्णेची उपनदी, माण भीमेची; तेव्हा खरा जलविभाजक महिमानगडाच्या परिसरात आहे. प्रत्येक धारेवर एकेक किल्ला असावा हा योगायोग नव्हे. या वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवण्याची आवश्यकता राज्यकर्त्यांस फार पूर्वीच जाणवली होती.

येथे मराठीतील एका शब्दाकडे लक्ष वेधणे उचित होईल. ‘उतार’ या शब्दाचा डोंगराची घसरण हा एक अर्थ आहे. नदी पायी ओलांडता येईल अशी जागा हा दुसरा. पूर ओसरू लागला म्हणजे पाण्याला ‘उतार पडला’ असे म्हणतात, आणि प्रवास करणारा तो ‘उतारू’. ‘घाट’ या शब्दाचेही तसेच आहे. तो डोंगरातील वाटेस लागतो आणि नदीकाठच्या पायऱ्यांसही लागतो. डोंगर आणि नदी या प्रवासातील दोन्ही अडचणींसाठी भाषेने एकच शब्द राखावा, ही गोष्ट या भूमीतील प्रवासाचे स्वरूप ध्यानी घेता स्वाभाविकच म्हटली पाहिजे. महाबळेश्वराहून सोलापूरला येणाऱ्यास दोन्ही प्रकारचे उतार सांभाळावे लागत. डोंगराचा उतार बारा महिने तोच राहतो. नदीचा उतार मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. पुलांच्या पूर्वी वाट निवडणे म्हणजे मुख्यतः नदीचा उतार निवडणे होते.

२

या प्रदेशातील परतीच्या वाटांची दोन उदाहरणे इतिहासात ठळकपणे आढळतात, आणि दोन्ही पराभूत अथवा थकलेल्या सैन्यांची आहेत.

१६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफझलखान पंढरपूर व शंभूमहादेवाचा डोंगर या बाजूने वाईस आला. वाईचा सुभा त्याच्याकडे पूर्वीपासून असल्याने हा मुलूख त्याच्या परिचयाचा होता. वाईहून महाबळेश्वराचे पठार चढून, रडतोंडीच्या घाटाने त्याचे सैन्य जावळीच्या खोऱ्यात पारापर्यंत उतरले. त्या घाटाचे नावच त्याच्या अवघडपणाची साक्ष देते. १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला आणि त्याच्या सैन्याची वाताहत झाली. खानाचा मुलगा फाजलखान मात्र निसटला. तो आल्या वाटेने, म्हणजे रडतोंडी चढून वाईस, परतला नाही. स्थानिक माहितगारांच्या साहाय्याने तो कोयनेच्या खोऱ्यातून कऱ्हाडकडे गेला. चढण टाळून नदीच्या आधाराने खाली जाणे हेच त्या प्रसंगी शहाणपणाचे होते. ज्या वाटेने पूर्ण तयारीचे सैन्य येऊ शकते, त्या वाटेने संकटात सापडलेल्या माणसाला परतता येतेच असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुसरे उदाहरण औरंगजेबाचे. १६९५ पासून चार वर्षे बादशहाची छावणी भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे, म्हणजे आजच्या मंगळवेढे तालुक्यात माचणूरजवळ, होती. १६९९ च्या ऑक्टोबरात तो तेथून सह्याद्रीतील किल्ले घेण्यास निघाला. १७०० च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला आणि जूनमध्ये परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, त्याच्या हाती आला. त्यानंतर परतीचा प्रश्न उद्भवला, आणि तो उद्भवला नेमका पावसाळ्याच्या तोंडाशी. परळीहून भूषणगडापर्यंतचे अंतर सुमारे ४५ मैलांचे. त्यास महिन्याहून अधिक काळ लागला. कृष्णा दुथडी भरून वाहत होती, नावा पुरेशा नव्हत्या, जनावरे चिखलात मरत होती. धान्य महाग झाले आणि छावणीतील सामान्य माणसांचे अतोनात हाल झाले.

तेथून बादशहा पूर्वेस सरकला आणि माण नदीच्या काठी खवासपूर येथे, म्हणजे आजच्या सांगोले तालुक्यात, त्याने छावणी केली. हा निर्णय वरकरणी सयुक्तिक होता. माणचे खोरे कोरडे आणि नदीचे पात्र उथळ. सह्याद्रीच्या पावसातून सुटलेल्या सैन्यास ही जागा सुरक्षित वाटली असल्यास नवल नाही. परंतु १७०० च्या ऑक्टोबरच्या आरंभी एका मध्यरात्री, वरच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचा लोंढा आला आणि छावणी पाण्याखाली गेली. माणसे, जनावरे व तंबू वाहून गेले. गडबडीत पडून बादशहाचा उजवा गुडघा निखळला आणि पुढे तो अखेरपर्यंत लंगडत राहिला. कोरड्या नदीवर विसंबणाऱ्याची कशी फसगत होते, याचे याहून प्रसिद्ध उदाहरण या भागात नाही. साताऱ्याहून पंढरपूरकडील सरळ वाटेवर दोन विरुद्ध प्रकृतीच्या नद्या आहेत: कृष्णा पावसाळ्यात हमखास अडवते, तर माण वर्षभर पाणी देत नाही आणि एका रात्रीत सर्व काही घेऊन जाते. या वाटेचा पुढील इतिहास समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

३

एवढ्या अडचणी असताही ही आडवी वाट एके काळी एकाच राज्यातून जात होती, हे आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते. पेशवाईच्या अखेरीस, २० फेब्रुवारी १८१८ रोजी, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे लढाई झाली. तीत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्यांना साताऱ्यास आणून गादीवर बसविण्यात आले. १८१९ च्या तहाने साताऱ्याच्या राज्याच्या ज्या सीमा ठरल्या, त्या पाहण्यासारख्या आहेत: पश्चिमेस सह्याद्री, उत्तरेस नीरा व भीमा, दक्षिणेस वारणा व कृष्णा, आणि पूर्वेस पंढरपूर व विजापूर यांचे मुलूख. म्हणजे महाबळेश्वरापासून पंढरपुरापर्यंतचा प्रवासी एकाच राजाच्या मुलखातून चालत असे.

महाबळेश्वराचा हवा खाण्याचे ठिकाण म्हणून उदय झाला तो याच राज्यात. १८२४ मध्ये लॉडविक या सैनिकी अधिकाऱ्याने तेथील हवेची वाखाणणी केली. प्रतापसिंहांनी साताऱ्याहून तेथवर रस्ता करविला. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले जॉन माल्कम यांनी तेथे वसाहत स्थापली आणि १८२९ मध्ये वाईकडील खंडाळा हे गाव राजास देऊन, त्या बदल्यात महाबळेश्वराचे क्षेत्र कंपनी सरकारकडे घेतले. नव्या वसाहतीस ‘मालकम पेठ’ असे नाव पडले. गव्हर्नराच्या नावापुढे ‘पेठ’ हा शब्द जोडून लोकांनी त्या परक्या वसाहतीस आपल्या गावरचनेत बसवून टाकले, असे म्हणता येईल. त्या काळी महाबळेश्वरावरून देशावर उतरावयाचे म्हणजे प्रथम साताऱ्याकडे पाहावयाचे, हा क्रम राजकीयदृष्ट्या स्वाभाविक होता.

याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, साताऱ्याजवळील आरफळचे हैबतबाबा यांनी आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास आजचे स्वरूप दिले. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी हे त्याचे मुक्काम प्रसिद्धच आहेत. परत जाणाऱ्या पालखीस लोकव्यवहारात ‘परतवारी’ असे नाव आहे. जातानाच्या वारीचा गाजावाजा होतो, परतवारी शांतपणे होते. तथापि नीरेच्या खोऱ्यातील मधली वाट वहिवाटीची राहण्यास या दोन्ही फेऱ्या कारणीभूत झाल्या.

१८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले. त्यानंतरच्या फेररचनांत पंढरपूर, सांगोले व अखेरीस १८७५ मध्ये माळशिरस हे तालुके साताऱ्यातून निघून सोलापूर जिल्ह्यात आले. महाबळेश्वर साताऱ्यात राहिले. जो मुलूख एका राज्याचा होता, त्याच्या मधून जिल्ह्याची हद्द गेली. ज्या वाटेच्या दोन टोकांकडे दोन निरनिराळी जिल्हाठाणी पाहतात, तिच्या मध्यभागाची आस्था कोणासच राहत नाही. म्हसवड आणि पिलीव यांच्या दरम्यानच्या वाटेची तीच स्थिती झाली.

४

सोलापूरकरांची परतीची वाट खऱ्या अर्थाने बदलली ती लोहमार्गाने. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाल्यापासून मुंबई–पुणे दळणवळण सुधारले होते. पुण्याहून पूर्वेस निघालेली रेल्वे १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत आणि १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आली. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ लोहमार्गाने जिंकल्यावर सोलापूर थेट मुंबईशी जोडले गेले, आणि १८७१ मध्ये रायचूरकडील मार्ग पुरा झाल्यावर मद्रासशीही. १८७० च्या दशकात येथे कापडगिरणी उभी राहिली. सोलापूरचा माल, पैसा, टपाल आणि अधिकारी सर्व एकाच दिशेने, म्हणजे पुण्याच्या दिशेने, ये-जा करू लागले.

याचा परिणाम महाबळेश्वराच्या प्रवाशावर होणे अपरिहार्य होते. मुंबई सरकारच्या उन्हाळी मुक्कामाचे हे ठिकाण. तेथून सोलापूरला परतणाऱ्या अधिकाऱ्याने अथवा वकिलाने पंढरपूरकडे बैलगाडीने आठवडा घालविण्यापेक्षा टांग्याने वाई, शिरवळ करीत पुणे गाठावे आणि तेथून आगगाडीत बसावे, हेच सोयीचे. १८८६ च्या सुमारास पुण्याहून साताऱ्याच्या बाजूस लोहमार्ग गेल्यावर वाठार हे महाबळेश्वराचे स्टेशन झाले. वाठारपर्यंत टांगा, तेथून आदर्कीच्या बाजूने गाडीने पुणे, पुण्यास गाडी बदलून सोलापूर असा क्रम रूढ झाला. वाठारहून पूर्वेस जाणे म्हणजे घराकडे जाणे होते. तरी सोलापूरकर तेथून उत्तरेस जात असे. एका अर्थी वाट लांबली, परंतु प्रवास लहान झाला.

या काळाचा ठसा स्थलनामांवर स्पष्ट उमटलेला आहे. कुर्डुवाडीस रेल्वेच्या दप्तरात दीर्घकाळ ‘बार्शी रोड’ असे नाव होते. पाडळीजवळच्या स्टेशनास ‘सातारा रोड’ हे नाव पडले. वाठार गाव आजही ‘वाठार स्टेशन’ म्हणून ओळखले जाते. ‘रोड’ हे उपपद लागलेले नाव म्हणजे एक कबुलीच असते: गाडी त्या गावास जात नाही, तेथून पुढे रस्त्याने जावयाचे आहे. गावाने आपले नाव दूरच्या शहरासाठी खर्ची घालावे, हा प्रकार लोहमार्गापूर्वी या भागात नव्हता. ‘वाट’ हा संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आलेला जुना शब्द, ‘रस्ता’ हा फारसीतून आलेला मध्ययुगीन, आणि ‘रोड’ हा इंग्रजी अमदानीतील. तीन शब्दांचे हे थर म्हणजे वाटेवरील सत्तांचेच थर आहेत. या क्रमात महत्त्वाचा भाषिक पालट असा झाला की, पंढरपूर–सातारा ही मूळची सरळ वाट लोकांच्या बोलण्यात ‘आडवाट’ ठरली.

ही आडवाट लोहमार्गाने जोडली गेली नाही. कुर्डुवाडीहून निघालेली बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास आणि १९२७ मध्ये सांगोल्यावरून मिरजेस पोहोचली. परंतु ती उत्तर–दक्षिण गेली. पंढरपुराहून पश्चिमेस, म्हसवड–दहिवडी–साताऱ्याकडे, रूळ पडले नाहीत.

५

लोहमार्गाइतकाच निर्णायक ठरला पाण्याचा प्रश्न. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील दहिवडी–म्हसवड भागात तो पाचशेच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. इतक्या थोड्या अंतरात एवढा फरक जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. परतीच्या वाटेवरील प्रवासी एका दिवसात ही सर्व पर्जन्यछाया ओलांडतो.

१८७६–७८ च्या दुष्काळात या पट्ट्यावर मोठी आपत्ती कोसळली. त्या वेळी दुष्काळी काम म्हणून माण नदीवर राजेवाडी येथे म्हसवडचा तलाव हाती घेण्यात आला. तलाव झाला, परंतु माणच्या खोऱ्याचे दैन्य फिटण्याइतके पाणी त्यात नव्हते. नीरेच्या खोऱ्याचे भाग्य निराळे होते. भाटघरच्या धरणातून प्रथम नीरेचा डावा कालवा निघाला. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस भाटघरचे नवे, अधिक उंचीचे धरण पुरे झाल्यावर उजव्या कालव्याचे पाणी फलटण व माळशिरस या भागांत खेळू लागले. ऊस आला, आणि १९३० च्या दशकात माळीनगरसारखे साखर कारखाने उभे राहिले. उसाच्या गाड्यांना रस्ते लागतात, कारखान्यास दुरुस्त रस्ता लागतो, आणि जेथे वर्दळ असते तेथे मोटारसेवा येते. फलटण–नातेपुते–माळशिरस ही वारकऱ्यांची वाट अशा रीतीने बागायतीची वाट झाली. तिच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावरून समांतर जाणारी माणची वाट कोरडीच राहिली. दोन वाटांच्या लांबीत फारसा फरक नाही. फरक आहे तो कालव्याचा.

माण–खटावच्या लोकांनी या कोरडेपणाची किंमत स्थलांतराने चुकविली. मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत या तालुक्यांतील माणसे मोठ्या संख्येने गेली. त्यांची परतीची वाटही येथे लक्षात घेतली पाहिजे. वर्षातून एकदा यात्रेस अथवा सुगीस गावी येणारा गिरणी कामगार आणि हंगाम संपवून घरी परतणारा महाबळेश्वराचा प्रवासी हे एकाच भूमीवरून जात होते. परंतु पहिल्यास वाट निवडण्याची मुभा नव्हती.

१९७२–७३ च्या दुष्काळात सोलापूर आणि साताऱ्याचा पूर्वभाग पुन्हा होरपळला. त्या वेळी गावोगाव दुष्काळी कामे निघाली आणि हजारो स्त्रीपुरुष खडी फोडण्यास बसले. रोजगार हमीच्या योजनेस कायद्याचे रूप १९७७ मध्ये आले, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. या तालुक्यांतील कितीतरी रस्त्यांचा पाया त्या खडीने भरलेला आहे. लोहमार्गाने ज्या वाटेस टाळले आणि कालव्याने जिला वगळले, तिला अखेर दुष्काळाने रस्ता दिला, असे म्हणावे लागते. यातील विषाद कोणत्याही अलंकाराने झाकता येणार नाही.

६

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मोटारीने लोहमार्गाची मक्तेदारी मोडली, तरी सोलापूरकरांच्या मनातील नकाशा दीर्घकाळ लोहमार्गाचाच राहिला. पुण्याचा महामार्ग रेल्वेच्या सोबतीने, भीमेच्या खोऱ्यातून जातो. तो चौपदरी आहे, वाटेत दवाखाने व दुरुस्तीची दुकाने आहेत, रात्री वर्दळ असते. कुटुंबासह जाणारा माणूस शंभर किलोमीटरांच्या बदल्यात ही निश्चिंती विकत घेतो, आणि त्यात त्याची चूक आहे असे म्हणता येत नाही. हंगामात सुटीच्या दिवशी पसरणीच्या घाटात वाहनांची रांग लागते, पुण्याच्या परिसरात आणखी विलंब होतो. तरीही परिचित विलंब अपरिचित वाटेपेक्षा बरा वाटतो.

तथापि चित्र पालटत आहे. आळंदी–पंढरपूर पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. तो राष्ट्रीय महामार्ग पंढरपुराहून पुढे मोहोळपर्यंत जातो आणि तेथे पुणे–सोलापूर रस्त्यास मिळतो. त्यामुळे वाई–फलटण–पंढरपूर या मधल्या वाटेस नवे महत्त्व आले आहे. ज्या मुक्कामांनी वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच गावांवरून आता महाबळेश्वराची मोटार परतू लागली आहे. साताऱ्याची वाटही पूर्वीसारखी उपेक्षित राहिलेली नाही. पुसेगाव, गोंदवले व म्हसवड ही यात्रास्थाने तिच्यावर असल्याने तेथवर येणारेजाणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात मात्र केळघरच्या घाटात दरडी कोसळतात आणि जुन्या ‘उतारा’ची आठवण करून देतात.

वरील विवेचनावरून एक गोष्ट निष्पन्न होते. महाबळेश्वर ते सोलापूर या परतीच्या प्रवासात अंतर हे वाटेच्या निवडीचे प्रमुख कारण कधीच नव्हते. फाजलखानाने चढ टाळला. औरंगजेबाच्या सैन्याने पूर टाळण्यासाठी कोरडी नदी धरली आणि ते तेथेच बुडाले. साताऱ्याच्या राज्यात लोक राजधानीच्या रस्त्याने आले, लोहमार्गाच्या काळात स्टेशनाच्या रस्त्याने, आणि पुढे उसाच्या किंवा वर्दळीच्या रस्त्याने. प्रत्येक काळात प्रवाशाने ज्या गोष्टीचे भय बाळगले तिच्यापासून दूर जाणारी वाट त्याने स्वीकारली. ते भय कशाचे असावे हे मात्र बहुधा सत्तेने आणि पाण्याने ठरविले.

म्हणूनच वाटांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने वापरात असलेल्या रस्त्यांपुरता विचार करून थांबू नये. टाळलेल्या वाटेचाही इतिहास असतो, आणि तो तिच्या काठच्या गावांनी सोसलेला असतो. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील गावांतून जुने उतार, मुक्कामाच्या जागा, धर्मशाळा व वाटांची स्थानिक नावे यांची पद्धतशीर नोंद अद्याप करण्यासारखी आहे. दुष्काळी कामांवर ज्यांनी खडी फोडली त्यांतील कित्येक माणसे आज वृद्ध आहेत. त्यांच्या स्मरणातील रस्त्यांची नावे आणि त्या कामांचे शब्द लिहून घेण्याचे कार्य विभागातील विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येईल. ते लवकर होणे अगत्याचे आहे.